दवाखान्यात भरती नाही, म्हणून पैसे नाहीत : अवघड वेळच्या समुपदेशनाचा खर्च कोण उचलणार?

हनुमाननगरकर

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरातली गोष्ट आहे, पण ताईला विचारूनच लिहितेय.

मार्चमध्ये माझे भाऊजी अपघातात गेले. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस दुपारी नव्हता. तेरवीपर्यंत घर भरलेलं होतं, त्यामुळे ताई उभी होती. पाहुणे गेले आणि ती खचली. रोज सकाळी ओट्यावर दोन कप मांडायची, दोन्हीत चहा गाळायची आणि थोड्या वेळानं दुसऱ्या कपातला चहा परत गंजात ओतायची. कोणाशी बोलणं नाही, झोप नाही. एका रात्री म्हणाली, "मला पुढचं काहीच दिसत नाही गं." त्या वाक्यानं माझे हातपाय गार पडले.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी धंतोलीतल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. आठवड्याला एक अशा सहा बैठका झाल्या, प्रत्येकीचे १२०० रुपये. औषध नाही, सलाईन नाही. एक खोली, दोन खुर्च्या आणि पाऊण तास बोलणं. चौथ्या बैठकीनंतर एका सकाळी ताईनं एकच कप मांडला आणि तिथेच ओट्याला टेकून रडली. अपघातानंतर पहिल्यांदा रडली. तेव्हापासून ती हळूहळू सावरतेय.

आता पैशाचं. ताईची स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी आहे, आठ वर्षं हप्ता चुकलेला नाही. मी क्लेमचा फॉर्म भरायला बसले. नाव, पत्ता, पॉलिसी नंबर लिहून झाला. पुढचा रकाना : "भरतीची तारीख व वेळ". त्याच्या खाली "डिस्चार्जची तारीख व वेळ". माझा पेन तिथेच थांबला. शेवटी "लागू नाही" लिहिलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं की २४ तासांची भरती नसल्यामुळे दावा मंजूर करता येत नाही.

मग सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड घेऊन एका रुग्णालयात आरोग्यमित्रांच्या, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाच्या, टेबलाशी गेले. भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, पेशंट भरती असेल तरच मला पुढं काही करता येतं."

म्हणजे माझी बहीण कोसळून वॉर्डात पडली असती तर पैसे होते. पडू नये म्हणून जे केलं त्याला नाहीत. आम्ही ७२०० रुपये कसेबसे उभे केले. ज्यांच्याकडे ७०० नाहीत त्यांनी काय करायचं? नागपुरात यासाठी सरकारी वाट कोणती, कोणाला काय अनुभव आला, मोकळेपणानं लिहा.

दीपक_वर्धमाननगर

ताईंना खूप धीर. पण २०१७ चा कायदा आहे ना? मनाचा आजार आणि शरीराचा आजार विम्यात सारखे धरायचे, असं वाचल्याचं आठवतं. मग कंपनी नाही कशी म्हणू शकते?

क्लेमवाला_सदर

दीपकभाऊ, कायदा आहेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, अंमलात आला २०१८ साली. त्याच्या कलम २१ च्या चौथ्या पोटकलमात म्हटलंय की शारीरिक आजाराच्या उपचाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही द्यायचा. विमा नियामकानं ऑगस्ट २०१८ मध्ये परिपत्रक काढलं. कंपन्या रेंगाळल्या, तेव्हा २०२२ मध्ये ३१ ऑक्टोबरपर्यंत पूर्तता करा असं बजावलं.

गोम आहे ती "त्याच धर्तीवर" या शब्दांत. तापासाठी तुम्ही ओपीडीत, म्हणजे भरती न होता नुसतं दाखवायला, गेलात तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत, म्हणून मनासाठी ओपीडीत गेलात तरी देत नाहीत. कागदावर समानता झाली. पण समुपदेशन हा मुळातच ओपीडीतला उपचार आहे. त्यासाठी कोणी पलंगावर झोपत नाही. त्यामुळे समानतेचा नियम लावला की नेमका हाच उपचार बाहेर पडतो. मी बारा वर्षं दावे तपासतोय. मनोविकाराची भरती असलेले दावे आता पूर्वीपेक्षा बरेच सुटतात, पण फक्त समुपदेशनाचं बिल माझ्या हातून एकदाही मंजूर झालेलं नाही. करायची इच्छा असूनही करता येत नाही.

दुसरी अडचण निदानाच्या रकान्याची. कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या विचार, भावना, आकलन, स्मृती यांत मोठा बिघाड असण्याची आहे. नवरा गेला म्हणून बाई सुन्न झाली, हा आजार नाही, दुःख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात एफ ४३ नावाचा गट आहे. तीव्र ताणाची प्रतिक्रिया, समायोजनाचा विकार वगैरे त्यात येतं. मनोविकारतज्ज्ञानं तपासून असं निदान लिहिलं तर किमान कागद तरी उभा राहतो. समुपदेशकाच्या नुसत्या पावतीवर काहीच उभं राहत नाही.

हनुमाननगरकर ताई, पॉलिसीत ओपीडीचं वेगळं कलम किंवा जोडकवच आहे का तेवढं बघा. असेल तर नकाराचं पत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. ओपीडीचं कलमच नसेल तर खोटी आशा दाखवत नाही, हा दावा सुटणं कठीण आहे.

हनुमाननगरकर

पाहिलं. नाही. पण तुम्ही स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. पत्रातल्या भाषेवरून वाटत होतं की आमचंच काही चुकलं.

त्रिमूर्तीनगर_काका

पोरी, तुझं दुःख समजतं. पण एक सांगू का? आमच्या वेळी घरातली माणसंच बसायची माणसापाशी. आत्या, मावशी, शेजारीण महिना महिना राहायच्या. बोलण्यासाठी सरकारनं पैसे द्यायचे, तर डायलिसिसच्या, कॅन्सरच्या पेशंटनी कुठं जायचं? आधीच पैसा पुरत नाही. मी स्वतः सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भावाच्या डायलिसिससाठी रांगा लावल्या आहेत, म्हणून बोलतो.

हनुमाननगरकर

काका, तुम्ही रांगेत उभे राहिलात, त्यामुळे तुमचं बोलणं मी टाळणार नाही.

आम्हीही होतो हो घरात. आई, मी, दोघी मावश्या, समोरच्या काकू. ताई एक मिनिट एकटी नव्हती. आणि आम्ही काय करत होतो? "रडू नको", "पोराकडे बघ", "खंबीर हो". ताई आमच्यासमोर घास गिळायची, कारण नाही गिळला तर आईला चक्कर येईल अशी तिला भीती. पुढचं काही दिसत नाही हे ती मला एकदाच बोलली. माझा चेहरा पाहून परत बोलली नाही. त्या बाईंसमोर तिला कोणाला सांभाळायचं नव्हतं. एवढाच फरक होता, आणि तो माझ्या मायेनं भरून निघणारा नव्हता, हे कबूल करायला मला वेळ लागला.

आणि डायलिसिसचंच बघा. डायलिसिसला माणूस चार तास येतो आणि घरी जातो. रात्रभर पलंग लागत नाही. तरी त्याचं पॅकेज, म्हणजे त्या उपचाराला ठरवून दिलेली रक्कम, सरकारी योजनेत आहे, आणि ते असायलाच हवं. म्हणजे भरती नसलेला उपचार योजनेत बसवता येतो. सरकारनं तो बसवलेला आहे. माझं म्हणणं इतकंच की सहा बैठकांचं असंच एक पॅकेज का असू नये?

बुटीबोरी_शिफ्टवाला

ताई, मी कंपनीत हेल्पर हाय. कोणी सांगत नाही म्हणून सांगून राहिलो. ज्याचा पगार महिन्याले २१ हजाराच्या आत हाय त्याचं ईएसआय, म्हणजे कामगाराचा सरकारी विमा, कटते. आपले पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. त्या कार्डावर ओपीडीबी चालते, भरती व्हाच लागत नाही. बायको, पोरं, आपल्यावर अवलंबून असलेले मायबाप, सगळे त्यात येतात. माह्या बायकोले बाळंतपणानंतर लय उदास वाटे, पोराले हातबी लावे ना. मी दवाखान्यात कार्ड दाखोलं, तिथल्या डॉक्टरनं पुढं चिठ्ठी देल्ली. दोन चकरा झाल्या, एक सुट्टी बुडाली, पन पैसा लागला नाही. आमच्या लाइनीतल्या निम्म्या पोरायले हे मालूमच नाही बाप्पा. पगारपत्रकावर कटते, तेवढंच दिसते.

मानकापूर_समाजसेविका

मी मनोविकार क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण वाटा आहेत पण त्यांच्यावर पाट्या नाहीत.

कायद्याचं कलम १८ विम्याबद्दल नाही, सेवेबद्दल आहे. सरकार चालवतं किंवा सरकारच्या पैशावर चालतं अशा ठिकाणी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं ते सांगतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, ती मोफत. पैसे परत मागण्यापेक्षा जिथं पैसे लागतच नाहीत तिथं जाणं, ही सध्याची खरी वाट आहे.

शहरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही ठिकाणी मनोविकारशास्त्र विभागाची ओपीडी आहे. मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. तिथंही बाह्यरुग्ण विभाग आहे. लोकांना वाटतं की त्या फाटकातून आत गेलं की माणूस बाहेर येत नाही. ओपीडीत येणारी माणसं तपासून, औषध घेऊन घरी जातात. अजूनही रिक्षावाले त्या जागेसाठी जो शब्द वापरतात तो मी इथं लिहिणार नाही, पण त्या एका शब्दानं किती जणांना फाटकाबाहेरूनच परत पाठवलंय ते मी पाहिलंय.

गावाकडच्यांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा, जिल्ह्यांत उतरला १९९६ पासून. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारायचं, "मानसिक आरोग्याचं पथक कोणत्या दिवशी येतं?" हाच प्रश्न, याच शब्दांत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, तिथं केसपेपरचे पैसे लागतात.

आता खरं दुखणं. ओपीडीत गर्दी इतकी असते की डॉक्टरांना एका माणसासाठी काही मिनिटंच मिळतात. तेवढ्यात औषध लिहून होतं, बोलणं होत नाही. म्हणून केसपेपर काढतानाच सांगा, "मला समुपदेशन हवंय, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्त्यांना भेटायचंय." मागितलं तर पुष्कळदा वेगळी वेळ मिळते. न मागता क्वचितच मिळते.

आणि कोणाच्या तोंडून जीव नकोसा झाल्याचं आलं तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. थेट अपघात विभागात न्या. कलम ९४ प्रमाणे तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत प्राथमिक उपचार करू शकतो, मनोविकारतज्ज्ञच हजर हवा असं नाही. पोलिस केसच्या भीतीनं घरात लपवून ठेवू नका. कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं.

रात्रपाळी

१४४१६ कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मी हॉटेलात काम करतो. धंदा बसला त्या वर्षी, रात्री अडीच वाजता, गच्चीवर बसून लावला होता. आधी भाषा निवडायला सांगतात. मग एक मुलगी बोलली. पहिला प्रश्न तिनं विचारला, "तुम्ही आत्ता कुठं बसला आहात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आपण बोलत बोलत खाली घरात जाऊ या का?" मी जिना उतरलो. पाऊण तास बोललो असेन. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, कसं वाटतंय म्हणून.

ती कोण होती माहीत नाही. नंबर मात्र आमच्या किचनच्या दारावर लिहून ठेवलाय, पोरांना दिसेल असा.

हनुमाननगरकर

दादा, तुम्ही खाली उतरलात, फार बरं झालं. हे मार्चमध्ये माहीत असतं तर त्या रात्री मी नुसती ताईच्या उशाशी बसून राहिले नसते. लगेच लावला असता.

मेलबर्नचा_नागपूरकर

इकडचं सांगतो, तुलनेसाठी. ऑस्ट्रेलियात २००६ च्या नोव्हेंबरपासून मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्यात, मानसशास्त्रज्ञाकडच्या बैठका धरल्या जातात. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं, तो मानसिक आरोग्याचा उपचार आराखडा लिहून देतो, त्यावर वर्षाला १० वैयक्तिक बैठकांपर्यंत सरकार ठरलेली रक्कम परत देतं. कोविडमध्ये आणखी १० वाढवल्या होत्या, त्या २०२२ च्या अखेरीस बंद झाल्या.

मी बाबा गेले तेव्हा सात घेतल्या. नागपूरला पोचू शकलो नव्हतो, विमानं बंद होती, अंबाझरी घाटावरचं सगळं फोनवर पाहिलं. ते मनातून जाईना. पैसे पूर्ण परत येत नाहीत हेही सांगायला हवं. मानसशास्त्रज्ञाची फी सरकारच्या रकमेपेक्षा जास्त असली की वरचा फरक खिशातून, आणि वेळ मिळायला थांबावं लागतं. पण भरती झालात का असं मला कोणी विचारलं नाही. इंग्लंडमध्ये २००८ पासून अशीच एक सेवा आहे, तिथं डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही, स्वतःच नाव नोंदवता येतं.

दारव्हा_गुरुजी

परदेशाचं कशाला, आपल्या अमरावतीचंच सांगतो. तिथल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्य ओळखायचं, बोलायचं, गरज पडली तर पुढं पाठवायचं. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. काही वेगळं यंत्र आणलं नव्हतं. माणूस दारापर्यंत गेला, एवढंच.

आमच्या यवतमाळात आशाताई शेतकऱ्यांच्या घरी प्रश्नावली घेऊन येतात. "झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमतं का." माझ्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी आशाताईला आधी हाकलून लावलं होतं. सोयाबीन गेलं त्या वर्षी त्यांनीच तिला निरोप पाठवला. पण आशाताईनं ओळखल्यावर पुढं बोलणारा माणूस हवा. तो यवतमाळ शहरात, आमच्यापासून तासाभराच्या वर. जायचं भाडं, बुडालेली मजुरी. नागपूरकरांनी पॅकेजची मागणी करताना हे ध्यानात ठेवा. बैठक फुकट असून भागत नाही.

नीटवाली_आई

माझा मुलगा नीटला, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, दुसऱ्यांदा बसतोय. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, कोचिंग क्लाससुद्धा त्यात येतात. मी आमच्या क्लासमध्ये विचारलं, तर ॲडमिशनच्या टेबलावरच्या मॅडमकडे बोट दाखवलं. त्या फी पण घेतात आणि समुपदेशन पण करतात. मुलगा त्यांच्यासमोर काय बोलणार? आता आम्ही दहाबारा पालक मिळून लेखी विचारणार आहोत : पात्रता काय, वेळ कोणती, खोली वेगळी आहे का.

मानकापूर_समाजसेविका

नीटवाली_आई, "पात्र" शब्दावर ठाम राहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागता येतो. नुसता "समुपदेशक" असा बोर्ड तर कोणीही लावतं.

त्रिमूर्तीनगर_काका

सकाळपासून हा धागा परत परत वाचतोय. डायलिसिसचं पटलं. भाऊ दोन वर्षं जात होता, त्या काळात वहिनीशी कोणी बोललं का, याचा मी विचारच केला नव्हता. आज फोन केला. आधी म्हणाली सगळं ठीक आहे. मग अर्धा तास बोलली. तिला १४४१६ दिला आहे, मोठ्या अक्षरात कॅलेंडरवर लिहायला सांगितला आहे.

पॅकेजसाठी काही लेखी देणार असाल तर माझी सही धरा. सरकारी नोकरीत टिपणी लिहिण्यात आयुष्य गेलं, मसुदा मी करतो.

क्लेमवाला_सदर

काका, मग मसुद्यात हे घ्या. राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०२३ च्या निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी झाली आणि मर्यादा दीड लाखाची ५ लाख केली. म्हणजे योजना वाढवता येते हे सरकारनं स्वतः दाखवलंय. मागणी नेमकी ठेवा : भरतीशिवाय समुपदेशनाचं पॅकेज, नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकार सामाजिक कार्यकर्त्यांकडून, सरकारी डॉक्टरच्या चिठ्ठीवर. निदान पक्कं होण्याची अट पहिल्या दोन बैठकांना नको, कारण तेव्हा निदान ठरलेलंच नसतं. गुरुजींचा प्रवासभत्ताही घाला.

हनुमाननगरकर

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात, म्हणून कामाचंच लिहिते.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी अख्खं सरकार आपल्या गावात येतं. आपल्याला मुंबईला जायची गरज नाही. निवेदन तेव्हा द्यायचं, आरोग्य खात्याला आणि आपापल्या आमदारांना. काकांचा मसुदा आला की मी टाइप करून घेते. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता सीताबर्डीला, व्हेरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्यापाशी भेटू. ज्यांना नाव द्यायचं नाही त्यांनी नुसतं येऊन वाचून सूचना केल्या तरी चालेल. शिफ्टवाले दादा, तुमची पाळी असेल तर सांगा, मी संध्याकाळी बुटीबोरीला कागद घेऊन येते.

बैठका किती मागायच्या यावर घरी चर्चा झाली. मी म्हटलं सहा, आम्हाला तेवढ्या पुरल्या. ताई म्हणाली, "आठ लिही. मला सहाव्यानंतर अजून दोन हव्या होत्या, पैशामुळे बोलले नाही."

आठ लिहितेय. ताईही येणार आहे रविवारी.